मोहफुलांचा आवाज

"हिला नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात पाठवून देऊ," डॉक्टर म्हणाले. "कानात आवाज येतात, झोप नाही, चूल पेटवत नाही. आणखी काय पाहिजे?"

"कसला आवाज येतो, ते विचारलं का सर?"

"तुम्ही विचारा. बोलायचा पगार तुम्हालाच मिळतो."

ऐंशीचं दशक. गडचिरोली जिल्हा नवा होता, तशी माझी समुपदेशकाची पोस्टही. लोक मला 'बोलणाऱ्या बाई' म्हणत. खरं तर माझं काम ऐकण्याचं. कोणाच्या मनात गाठ बसली की उपदेश न करता त्याच्याजवळ बसायचं, ती त्याच्याच हातून सुटेपर्यंत. काउन्सेलिंग म्हणजे एवढंच. पण हे डॉक्टरांना पटवताना माझा घसा बसायचा.

वॉर्डात जैनाबाई खाटेवर बसून खिडकीतलं ऊन बघत होती. तिचा नवरा मनीराम दाराशी उभा होता. "बाई, हिले नागपूरले नका धाडू. तिथी गेलेला मानूस वापस येत नाई म्हन्तेत."

मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि तिच्याजवळ नुसती बसून राहिले. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं. मग तीच बोलली.

"मोहफुल पडते, बाई. टप टप. पावसात बी, जेवताना बी."

मोह पहाटे गळतो. बाया टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली वेचायला जातात. फुलांच्या गोडीनं अस्वलंही येतात. गेल्या चैत्रात जैनाबाईला ताप होता, म्हणून तिची नणंद एकटीच गेली. झाडाखाली अस्वल होतं. नणंद परत आली नाही.

"झाड घरामागंच हाये. मी पडल्या पडल्या फुलं आयकत होती," ती म्हणाली. "तिचा आवाज मले आलाच नाई."

माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत. ती खूप रडली. मनीराम म्हणाला, वर्षात पहिल्यांदा रडली.

डॉक्टरांनी कुरकुरत तिला घरी सोडलं. मी तिच्या गावी जाऊ लागले. आधी आम्ही मागच्या दारात बसलो, मग कुंपणापाशी. एका सकाळी उजाडल्यावर ती स्वतःच उठली आणि झाडाकडे चालू लागली. धुकं होतं. वर्षभर त्या झाडाखाली कोणी गेलं नव्हतं. गोड वासानं डोकं जड झालं होतं आणि पिवळसर फुलं आमच्या खांद्यांवर पडत होती. आपण झोपेत आहोत की जागे, मला कळेना. जैनाबाई खाली बसली आणि नणंदेशी गोंडीत बोलू लागली. मला त्यातलं काही कळलं नाही, मी विचारलंही नाही. बोलता बोलता तिचे हात वेचायला लागले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आवाज गेला का?"

"नाई, डाक्टर. येते. पन आता झाडाखालून येते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर नागपूरची चिठ्ठी लिहायच्या आधी ते शिपायाला ओरडून सांगायचे, "बोलणाऱ्या बाईंना बोलवा, त्यांना ऐकायचं असेल."