पायाळूचा पाय आणि गोटीरामची चमक

तुमच्या घरात कुणाच्या पाठीत चमक भरली, तर तुम्ही आधी काय करता? खरं सांगा. बाम चोळता, शेकता आणि मग हळूच विचारता, "आपल्या आळीत पायाळू कोण आहे?" लाजू नका. मोबाइलवर दवाखान्याचा नंबर लावणारे नाशिककरसुद्धा संध्याकाळी मखमलाबादला अंबूबाईच्या ओट्यावर पाठ उघडी टाकून बसलेले सापडतात.

अंबूबाई पायाळू. जन्मली तीच पाय पुढं करून. अशा माणसाच्या पायात गुण असतो म्हणतात. दुखऱ्या जागी टाच लावली की चमक पळते. ह्या गुणापायी तिनं लहानपणी सोसलंही. आभाळ गडगडलं की आई तिला घरात कोंडायची, कारण वीज म्हणे पायाळूला हुडकत येते. पण शेवंतीच्या मळ्यात सून म्हणून आली आणि त्याच पायाला मान मिळाला. शाळा नाही, सोनं नाही, पण पाय! बँकेतला साहेबसुद्धा तिच्यापुढं पाठ करून बसतो. पाय लावल्याबद्दल तिनं कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. मान घेतला, तो मात्र पुरता.

नवरा रंगनाथ सिन्नरच्या कारखान्यात पाळ्या करतो, म्हणून मळा ओढतात ती आणि दीर गोटीराम. गोटीराम पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, तोंडाचा फाटका. त्याच्या पोरीचा, योगिनीचा, साखरपुडा झाला हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात गोटीराम मध्येच कठडा धरून थांबला. वरून सिन्नरचे व्याही यादवराव ओरडले, "व्याही, डोली पाठवू का खाली?" सगळा जिना हसला. गोटीरामही हसला, पण ते बोलणं विसरला नाही. त्यानं हिरवेगार बूट आणले आणि देवळाली कॅम्पच्या शर्यतीत नाव दिलं.

"लग्नाआधी पळून दाखवतो यादवरावाला."

"लग्नाआधी पोरी पळतात भाऊजी, बाप नाय," अंबूबाई म्हणाली.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण गोटीराम हल्ली सारखा येऊन म्हणायचा, "वहिनी, पाय लावा. खांद्याच्या फऱ्याखाली चमक भरली." फुलांचं क्रेट घेऊन विहिरीकडून रस्त्याचा चढ चढला की भरायची. ती टाच लावायची, तो म्हणायचा, "गेली!" आणि उठून कामाला लागायचा. आता खरी चमक असते ना, ती टाचेला कळते. मांसात गाठ असते, टाच टेकली की ती उसळते. गोटीरामच्या पाठीत गाठच नव्हती. पाठ मऊ, गार, आणि घाम असा की तळवा चिकटून यायचा. तो गेल्यावर ती कितीदा तरी तळवा लुगड्याला पुसायची, तरी ओलाच वाटायचा. शेवंती खुडताना हात थांबायचा. भाकरी करपायची. आपला पाय लागायच्या आधीच ह्याची चमक निम्मी गेलेली असते, हे तिला कळत होतं. कळलेलं तोंडातून काढायचं कसं, एवढंच कळत नव्हतं.

रविवारी तो शर्यतीच्या तयारीसाठी मैदानावर व्यायामाच्या वर्गाला निघाला, तर अंबूबाईही गाडीवर मागं बसली. "मलाही कंबर हलवायची हाय." गोटीराम म्हणाला, "हलवा, पण मला ओळखू नका."

वर्ग घ्यायची तेजस्विनी, देवळालीच्या एका फौजीची पोर. तिचा नियम कडक: आधी तपासणी, मग व्यायाम. उगाच नाही. गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्यात. यंत्रं रोज पुसून ठेवतात आणि माणूस न तपासता त्यावर चढवतात. मशीनला वॉरंटी, माणसाला काय? तेजस्विनी तसली नव्हती. रक्तदाब, नाडी, पोटाचा घेर, मग प्रश्न.

"काका, छातीत दुखतं कधी?"

"नाय."

"दम लागतो?"

"बैलाला लागतो. मला नाय."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"पोरी, मी पळायला आलोय का सोयरीक जुळवायला? चौकशी किती!"

रांगेतली माणसं हसली. तिनं हट्टानं पुन्हा विचारलं. "वडील कशानं गेले?"

"कशानं म्हंजे? पुण्यवान मरण. बांधावर बसले ते उठलेच नाय. माझ्याएवढेच होते."

तेजस्विनीचा पेन थांबला. "काका, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

"अगं, छाती ठणठणीत हाय!" आणि बोलता बोलता हा गडी चाचणीसाठी ठेवलेल्या पायरीवर चढला, उतरला, चढला. "बघ! मोज!"

तो खोटं बोलत नव्हता, हे ध्यानात घ्या. छातीत दुखत नव्हतंच त्याच्या. पाठीत चमक भरत होती, आणि चमक हा काही आजार आहे का? चमकेला पाय असतो, डॉक्टर नसतो.

अंबूबाईचे पाय मातीत वळवळायला लागले. बोलावं, तर उद्या मखमलाबादभर होईल: अंबूबाईचा पाय चालेना. न बोलावं, तर हा इथंच... गोटीराम चढला. उतरला. त्याचा उजवा हात डाव्या खांद्यामागं गेला.

"उतरवा त्याला!" ती किंचाळली. "चमक भरते त्याला! चढ चढला की भरते, घामानं डबडबतो, बसला की जाते!"

कुणीतरी खिदळलं. तेजस्विनी मात्र हसली नाही. तिनं गोटीरामला दंडाला धरून खाली बसवलं.

"वहिनी," गोटीराम दातओठ खात म्हणाला, "चारचौघांत? अन् ती चमक तुमच्याच पायानं जाते ना?"

 रांगेत दोघीतिघी अशा होत्या, ज्यांच्या पाठीला तो पाय लागलेला होता.

"माझ्या पायानं नाय जात, भाऊजी. तुम्ही बसता म्हणून जाते."

रिक्षानं दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून काढलेली पट्टी आली स्वच्छ. गोटीरामनं ती वहिनीच्या तोंडापुढं फडकवली. "घ्या! गेली इज्जत फुकट!" तिचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. डॉक्टरांनी तिला विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं: चढ, घाम, बसणं. डॉक्टर म्हणाले, स्वस्थ पडल्यावर पट्टी चांगली येऊ शकते, बाकी तपासल्याशिवाय घरी जायचं नाही. तपासलं. हृदयाची नळी तुंबत आलेली निघाली. उघडून तिच्यात जाळी बसवली.

आता गोटीराम तेजस्विनीच्या सांगण्याप्रमाणे नुसता चालतो, हिरवे बूट घालून, पायाखाली मुंग्या मोजल्यासारखा. यादवराव भेटायला आले, तर त्यांना म्हणाला, "पळालो असतो, वहिनीनं पळू दिलं नाय." वहिनीशी अजून धड बोलत नाही. फक्त क्रेट उचलायच्या आधी तिच्याकडं एकदा बघतो.

ओट्यावरची गर्दी निम्म्यानं घटली. काहीजण मखमलाबादच्या दुसऱ्या टोकाला नवा पायाळू शोधून बसलेत. येतात त्यांना अंबूबाई आधी प्रश्न विचारते आणि त्यातल्या काहींना टाच न लावताच दवाखान्यात हाकलते. ती माणसं शिव्या देत जातात. आभाळ गडगडलं की ती आता ओट्यावर येऊन उभी राहते. कोण चढ चढून येतंय ते बघत.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते ऐकाच. उद्या घरातला कुणी नवे बूट घालून पळायला निघाला, तर त्याला नुसतं "छातीत दुखतं का?" विचारू नका. तो नाहीच म्हणेल. त्याला त्याच्या भाषेत विचारा: चमक भरते का, गॅस चढतो का, खांदा भरून येतो का? चालताना येतं आणि थांबलं की जातं का? हो म्हणाला, तर त्याच्या पाठीला पाय लावू नका. हाताला धरा आणि दवाखान्यात न्या.