काट्याच्या लेकींना हाक

आसगावच्या परसरामची पोरगी रत्नमाला भंडाऱ्याला एका लहानशा सॉफ्टवेअरच्या दुकानात कामाला होती. दुकान म्हटलं की माणसाला तेल-साखर आठवते, इथे तर चार टेबलं आणि एक पंखा. तोही मालक टेकचंदच्या डोक्यावरच फिरायचा. ही मंडळी धान खरेदी केंद्रांचं सॉफ्टवेअर लिहायची. पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप कॉम्प्युटरात जावं, पावती निघावी, एवढंच त्याचं काम.

आता काटे गावोगावचे वेगळे. प्रत्येकासाठी सगळं नव्याने लिहीत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून आधी एक मायकाटा लिहायचा, आणि बाकीचे काटे म्हणजे तिच्या लेकी. मायचं नाक लेकीला येतं, तसं मायमध्ये लिहिलेलं लेकींना आपोआप येतं. लेक आपली एखादी सवय वरून वेगळी ठेवते, तेवढीच लिहायची. सोय मोठी, पण भीतीही तेवढीच. मायला कोणी काही शिकवलं की कोणत्या लेकीच्या घरात भांडी पडतील, याचा नेम नाही.

रत्नमाला धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, वाढलेली. तिकडे वरच्या बांधीचं तोंड फोडायचं असलं की आधी खालच्यांना हाक द्यायची रीत आहे. "पानी सोडून राहिलो गाऽऽ!" खालून होकाराची "हाव" आली की मगच फावडं मारायचं. न सांगता फोडलं तर खालच्याचा रोवणा, म्हणजे नुकती लावलेली रोपं, वाहून जातो, आणि मग दोन पिढ्या बोलचाल बंद.

तिने कॉम्प्युटरातही तेच केलं. मायमधला बदल पक्का करण्याआधी तिने लिहिलेलं अवजार प्रत्येक लेकीसमोर आतल्या धानाचं वजन ठाऊक असलेलं एक लटकं पोतं ठेवायचं, वजन विचारायचं, आणि जिचं उत्तर चुकलं तिचं नाव लाल, बाकीच्यांचं हिरवं करून दाखवायचं. त्याला तिने नाव दिलं 'हाक'. शेजारच्या टेबलावरचा विनोद हसायचा.

"बाई, तुझी हाक येईपर्यंत माझा चहा होते, नाश्ता होते. कोन थांबून राहील?"

टेकचंदलाही थांबणं परवडत नव्हतं. 'हाक' तशीच पडून राहिली.

त्या साली खरेदी सुरू झाली आणि दिघोरीहून तक्रार आली, की इथला जुना काटा पोत्याचं वजन वजा करत नाही, हाताने करावं लागतं. विनोदने बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन थेट मायमध्येच वजा करून टाकलं. हाक न देता. दिघोरीचं काम फत्ते, विनोदचा चहा वेळेवर.

आसगावला मात्र दुसऱ्याच दिवशी गोंधळ उठला. शकुनबाई घरून बारदाना वजा करून पोतं मोजून आणणारी बाई. काट्यावरचा कमी आकडा बघून ती कमरेवर हात ठेवून रांगेतल्या परसरामकडे वळली.

"परसराम, तुह्या पोरीची मशीन धान खाते का गा?"

रांग थांबली. ज्यांचं वजन होऊन गेलं होतं तेही परत आले. टेकचंदने रत्नमालाला गाडीवर बसवून पाठवलं, तेव्हा आभाळ गच्च भरून आलं होतं, पोती उघड्यावर होती, आणि बाप आपल्या पोत्यांना टेकून खाली मान घालून उभा होता. गावातली पहिली शिकलेली पोरगी म्हणून तो जिचं नाव चौकात घेत असे, तिच्याकडे आज त्याला बघवत नव्हतं.

तिने लॅपटॉप उघडला आणि तिला लगेच कळलं. आसगावचा काटा बारदाना आधीपासूनच वजा करत होता. आता माय एकदा करत होती, लेक दुसऱ्यांदा.

टेकचंदचा फोन आला. "विनोदनं टाकलं ते काढून टाक. एक ओळ आहे, काहून वेळ लावून राहिली?"

बोट बटणापाशी गेलंही होतं. मग तिला दिघोरी आठवली. तिथे या घटकेला वजन सुरू होतं, आणि हाताने वजा करणं त्यांनी कालपासून सोडलेलं. मायमधली ओळ काढली की तिथे बारदानाच धान म्हणून मोजला जाणार.

"सर, मी हाक देते."

"लोक जीव घेतील तुझा!"

"घेऊ द्या," असं म्हणून तिने फोन ठेवला. 

तिने विनोदची ओळ तशीच ठेवली, आसगावच्या लेकीची जुनी सवय काढली आणि हाक दिली. नेट मेलं रांगत होतं. पडद्यावर एकेका काट्याचं नाव येई आणि थांबे. मागून कोणी पत्र्यावर काठी आपटली.

"पानी आलं तं धान तू वाळवशील का?" शकुनबाई म्हणाली.

परसराम जवळ आला, हळूच म्हणाला, "दाबून टाक ना माय. मले नाही पाहावत."

"बाबा, खालचे हो म्हनले नाहीत अजून."

तो परत आपल्या पोत्यांकडे गेला. 

आसगाव हिरवं झालं. दिघोरी हिरवी. आणि कारधा लाल! कारध्याचा काटाही आसगावसारखाच, दोनदा वजा करणारा. तिथे कोणी पोतं घरून मोजून आणलं नव्हतं, म्हणून बोंब झाली नव्हती एवढंच.  रत्नमालाने कारध्याचीही ती सवय काढली, पुन्हा हाक दिली, सगळी नावं हिरवी झाली तेव्हा बटण दाबलं, आणि टेकचंदला कारध्याच्या कालपासूनच्या पावत्या थांबवायला सांगितलं.

मग ती उठून लोकांपुढे उभी राहिली.

"काटा चुकला होता. चूक आमची आहे. कालपासून ज्याचं ज्याचं मोजलं, ते पुन्हा मोजू."

"आन् बापाचं पहिले, नाही का?" कोणीतरी टोमणा मारला.

"बाबाचं सगळ्यात शेवटी."

परसरामने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि पुढे लागलेली आपली पोती ओढत रांगेच्या शेपटाला नेली. रागावला होता, हे त्याच्या ओढण्यावरूनच दिसत होतं.

शकुनबाईचं पोतं चढलं. घरचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळला. ती घरी मात्र गेली नाही. पडद्याशेजारीच ठाण मांडून बसली आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचू लागली, म्हणजे रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जावा.

परसरामची पाळी आली तेव्हा थेंब पडायला लागले होते. हमालांनी ताडपत्री धरली. शकुनबाईने त्याचाही आकडा तसाच, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा वाचला. मग तिने मागे फिरून, कोणाची काही तक्रार आहे का ते पाहिलं; कोणाचीच नव्हती.