माले गावचा पाऊस

परवा जुन्या वहीत संगणकाचं, छिद्रं पाडलेलं एक कार्ड सापडलं आणि साठच्या दशकातलं माले आठवलं. विद्यापीठात तेव्हा सगळ्या विभागांना मिळून एकच संगणक आला होता. आठवड्यातून तासभर माझी पाळी असे. काम माझ्या प्रबंधासाठी मुळशीच्या पावसाच्या आकडेमोडीचं. मालेचे शेतकरी धोंडिबा रोज सकाळी पर्जन्यमापक वाचून आकडा लिहून ठेवत. एका दिवसाचा आकडा मला अशक्य वाटला. पाळी चुकू नये म्हणून, त्यांना न विचारताच, मी तो निम्मा करून कार्डावर उतरवला.

प्रबंध सादर करून मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर भातखाचरांचा ओला वास येत होता. चहा देत त्यांनी विचारलं, “सायेब, आमचा पाऊस गेला का मशिनीत?”

“गेला की.”

“त्यो लई मोठा आकडा लिवला ना, त्या दिशी भांडं भरून वाहाया लागलं, म्हून भर पावसात जाऊन दोनदा मोजलं. म्हातारी वरडली, येडं झालंय, भिजत पाऊस मोजतंय!”

ते खळखळून हसले. मीही हसलो आणि चहा संपवला.

आता धोंडिबा नाहीत. त्या ओट्यावर एकदा बसून खरं सांगावं, असं फार वाटतं. ते रागावले नसते. “पुन्यांदा मोजून देतो,” म्हणाले असते, आणि तेच मला सोसत नाही.