रुखवतातल्या आजी

साखरपुड्याच्या पंगतीत नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी भजं मोडता मोडता विचारलं, "रुखवत काय, भाड्यानंच आणणार असाल की. आता समदं तयार मिळतंय. सकाळी मांडायचं, सांजच्याला परत."

नवरी म्हणजे माझी नणंद. ती मान खाली घालून ताटातली चटणी चिवडत राहिली. माझ्या जिभेला जन्मापासून ब्रेक नाही. म्हटलं, "भाड्याचं कशाला, आत्याबाई? तुमच्या आईंचाच चेहरा भरून ठेवणार आहे मी रुखवतात. क्रॉसस्टिचमध्ये, फुलीफुलीनं, हुबेहूब."

नणंदेनं टेबलाखालून माझा पाय असा दाबला की अंगठ्याचं नख आजही तिरकं वाढतं. मी पाय मागे घेतला, शब्द घेतला नाही.

भरतकामाचा माझा अनुभव म्हणाल तर शाळेत रुमालाच्या कोपऱ्यात एक बदक भरलं होतं. बाईंनी त्याला कोंबडीचे मार्क दिले होते. आणि आता हे जमलं नाही तर बोलणी मला नव्हती बसणार. ती बसणार होती नणंदेला, सासरी, दर सणाला, जन्मभर. तेव्हा जमवणं भागच होतं.

आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ करतात. मोर असो की हत्ती, चौकोनी घरांत असा कोंबतात की जनावराला हू की चू करता येत नाही. मी चहात साखर जास्त घातली आणि म्हटलं, "अहो, माणसाचा चेहरा घरांत बसवणं म्हणजे अवघडच. तुम्हालाही नाही जमायचं." चहा संपायच्या आत लॅपटॉपवर फोटोचा भरतकामाचा ग्राफ करून देणारं सॉफ्टवेअर उतरलेलं होतं.

साखरपुड्यातल्या फोटोतून आत्याबाईंच्या आईंचा, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आजींचा चेहरा कापून घेतला आणि त्यात टाकला. पहिल्या फटक्यात इतके रंग निघाले की रंगपंचमीला अख्खं सोलापूर भिजलं असतं. रंग कमी करत गेलो तर आधी आजींना कावीळ झाली, मग मिशी फुटली. नणंद पडद्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे त्यांचे आजोबा वाटायला लागलेत." शेवटी एकदाच्या आजी आजींसारख्या दिसल्या. मग ह्यांनी शेवटचा हात मारला. ह्यांच्या धंद्यात ग्राफवर एकटं पडलेलं टिंब दिसलं की पुसायचं. चादरीत तसं टिंब राहिलं तर डाग वाटतो, गिऱ्हाईक माल परत करतं. सवयच ती. आजींचा चेहरा झाडूनपुसून लख्ख झाला.

सॉफ्टवेअरनं दिलेले दोऱ्यांचे नंबर कुठल्या परदेशी लड्यांचे, ते आपल्याकडे मिळेनात. मी पिशवीत कडक भाकरी घातली आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, लोक मॅचिंगला साडी आणतात."

म्हटलं, "आमच्या आजी भाकरीच्या रंगाच्या आहेत. आणि जरा करपलेल्या बाजूची छटाही द्या, गालाला लागेल."

कपाळापासून भरत भरत खाली उतरत गेले. घरात दोन वेळा खिचडी शिजायची, कुणी तक्रार केली की मी सुई दाखवायची. हनुवटी पुरी झाली तशी नणंदेनं कापड उजेडाला धरून बघितलं. "वहिनी, चांगल्या झाल्यात. पण ह्या आजी नाहीत. आजींची कुणी बहीण वाटते."

मी मूळ फोटो मोठा करून बघितला. हनुवटीवर हिरवट काहीतरी होतं. गोंदण. ह्यांनी डाग म्हणून पुसलेलं.

हे म्हणाले, "दोन टिंबांनी काय बिघडतंय? फ्रेम करून टाक. नाहीतर ते भाड्यानं..." वाक्य पुरं व्हायच्या आत मी हनुवटी उसवायला घेतली. ह्यांनी उठून खिचडीला फोडणी दिली, न सांगता.

पण टिंबं किती, कुठं, ते फोटोत कळेना. नुसता हिरवा धूर. म्हणून मानाच्या साडीचा रंग विचारायचं निमित्त काढलं आणि रेल्वेनं आजींचं गाव, केम गाठलं. आजी अंगणात तूर पाखडत होत्या.

"लाल घे, न्हायतर हिरवं घे," त्या म्हणाल्या. "पर मगापासनं माझ्या हनवटीकडं का बघतीस? काय चिकटलंय का?"

"नाही आजी. गोंदण छान आहे."

"छान कशाचं. तीन टिंबं एका वळीत याची हुती. मी अशी वरडले की गोंदणारीचा हात हालला. मधलं खाली घसरलंय बघ."

"फोटो काढू त्याचा?"

"तोंडाचा काढ की. नुसत्या हनवटीचा कुणी काढतंय व्हय?" असं म्हणाल्या आणि हनुवटी पुढं करून बसल्या.

घरी आल्यावर ह्यांनी टिंबं ग्राफवर घातली आणि माउस घुटमळला. "मधलं एक घर खाली आलंय. सरळ करून देऊ?"

"हात लावून बघा."

लग्नात रुखवताच्या टेबलापाशी आत्याबाई आल्या त्याच फ्रेम उलटी करायला. ही बाई मागची बाजू बघितल्याशिवाय राहणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मागं पुठ्ठा लावलाच नव्हता. गाठी, लोंबते दोरे, उसवल्याच्या खुणा, सगळं उघडं. मशीन असला गोंधळ शंभर जन्मांत घालू शकत नाही. आत्याबाईंनी फ्रेम सुलटी केली. जवळ धरली. मग खुर्चीवरच्या आजींना म्हणाल्या, "आई, तुझं गोंदण वाकडं भरलंय की हिनं."

"वाकडंच हाय ते," आजी म्हणाल्या. "माझ्या मांडीवर वाढलीस की गं तू. कवा बघितलं न्हाईस?"

आत्याबाईंनी वाकून आजींची हनुवटी बघितली. फ्रेम टेबलावर ठेवली, पदरानं काच पुसली. आणि माझ्या नणंदेला म्हणाल्या, "पाय दुखत असतील की, पोरी. चल, जेवायला बस. मी वाढते."