चरबी, भुरी आणि आमचे हे

आमच्या ह्यांच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही. लग्नात ह्यांना बघून माझी मावशी म्हणाली होती, पोरगं गुणाचं आहे, पण वारं सुटलं की धरून ठेवावं लागेल. चाळीस वर्षं झाली, त्यात काडीचा फरक नाही. पट्ट्याला खिळ्यानं जादाची भोकं पाडून घेतात आणि उरलेलं टोक कमरेभोवती अर्धा फेरा मारून मागं लोंबत राहतं. अशा माणसाला नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या आत चरबी जास्त आहे. मी आधी मागं वळून बघितलं, दुसरा कोणी पेशंट आत आलाय की काय म्हणून.

आम्ही पिंपळगावकडचे द्राक्षवाले. बागेपासून नाशिक काही लांब नाही, पण ह्यांना घेऊन निघालं की गाडी तीनदा थांबायची. एकदा कोल्ड स्टोरेजच्या भिंतीमागं, एकदा ढाब्याच्या अलीकडं, आणि नाशिकच्या इमारती दिसायला लागल्या की परत एकदा. मी गाडीत बसून ट्रक मोजायची. विचारलं की म्हणायचे, वय झालं, सगळ्यांनाच होतं. शेवटी मीच पाठ धरली, जेवणात मीठ घालायचं बंद करते अशी धमकी दिली, तेव्हा कुठं स्वारी तपासायला आली. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, मग त्या बोगद्यात घालून एमआरआय झाला.

डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी पडद्यावर फोटो लावला आणि पेनानं दाखवलं. ही मधली प्रोस्टेट ग्रंथी, आणि तिच्या भोवतीचं हे पांढरं म्हणजे चरबी. म्हणाले, पोटावरची चरबी वेगळी आणि ही वेगळी. माणूस वाळका असला तरी इथं थर असू शकतो. आणि ही नुसती गादीसारखी पडून राहत नाही. तिच्यातून काही काही द्रव्यं सुटतात, आजूबाजूला सूज धरते, ग्रंथीला नको ते खाद्य मिळतं. थर जाड असलेल्या काही लोकांना लघवीचा त्रास जास्त होतो, आणि कॅन्सर असलाच तर तो जरा आडदांड निघतो असंही दिसलंय. पण नक्की कशानं काय होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही.

हे खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. म्हणाले, "म्हणजे भुरीसारखं."

डॉक्टरांना भुरी माहीत नव्हती. मग ह्यांनी सांगायला घेतलं. घडाभोवती पानांची गर्दी झाली की आत हवा खेळत नाही, ऊन पोचत नाही, मग मण्यांवर पांढरी भुकटी धरते, ती भुरी. रोग काही पानांनी केलेला नसतो, पण पानं त्याला आडोसा देतात. दवाखान्यात बाहेर वीस माणसं खोळंबली होती आणि आमचे हे डॉक्टरांना पानांची विरळणी शिकवत होते. तेही बिचारे ऐकत बसले. मग म्हणाले, "काका, अगदी तसंच नाही, पण बरंच जवळ आहे. फक्त ही तुमची पानं नुसता आडोसा देत नाहीत, खतही घालतात."

मग त्यांनी पेन ग्रंथीच्या एका कोपऱ्यावर टेकवलं. तिथं एक डाग होता. साधी वाढ असेल, कॅन्सरही असेल, फोटोवरून सांगता येत नाही, म्हणाले. सुईनं तुकडे काढून तपासावे लागतील, आणि हे लांबवू नका.

"बघू," हे म्हणाले.

आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. मुलीला स्कूटर हवी होती तेव्हा "बघू" झालं होतं, ती सासरी जाऊन स्वतःच्या पगारातून घेऊन आली. डिसेंबर चालू होता, बाग फुलोऱ्यात होती. आधी म्हणाले, फुलोरा होऊ दे. मग म्हणाले, मणी सेट होऊ दे. मग म्हणाले, माल निघू दे. माल मार्चमध्ये निघतो. मी रागानं बोलायची बंद झाले, तर त्यांना वाटलं प्रश्न मिटला.

त्यात विंचूरहून वन्सं आल्या, म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तुपाचा डबा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "एवढं एवढं तूप घालशील तर चरबी चढंल नाय तर काय," म्हणाल्या. एकाच डब्यातलं तूप खाऊन मी दोन माणसांएवढी झाले आणि त्यांचा भाऊ खिळ्यानं पट्टा आवळतो, हे त्यांना दिसत नव्हतं. सगळं करून सवरून माझ्याच गळ्यात पडलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तूप वाढताना माझा हात अडला. मलाही वाटून गेलं, आपणच तर नाही ना केलं.

आता जे झालं ती चूक माझी. पुण्याच्या मुलाला रिपोर्ट पाठवायचा होता. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून ह्यांच्या फोनवरून फोटो काढला आणि वर जे पहिलं नाव दिसलं त्यावर पाठवून दिला. पहिलं नाव मुलाचं नव्हतं. ते ह्यांच्या द्राक्षवाल्या गटाचं होतं.

ह्या गटाची एक रीत आहे. बागेत काही रोग दिसला की मालकानं फोटो किंवा रिपोर्ट गटावर टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळे त्या बागेत हजर. त्याला प्लॉट व्हिजिट म्हणतात. आधी कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग एकेकानं मत द्यायचं. सगळ्यांत शेवटी मालकानं खरं खरं सांगायचं, कधीपासून आहे, काय फवारलं, काय लपवलं. प्लॉटवर खोटं बोलायचं नाही, हा एकच कडक नियम. कारण एकानं भुरी लपवली की वाऱ्यानं ती शेजारच्याच्या बागेत जाते. मग सल्ला वहीत लिहितात आणि मालकाची सही घेतात.

मी रिपोर्ट टाकल्यावर पाचच मिनिटांत उत्तर आलं, "उद्या आठ वाजता भेट."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण सकाळी आठला अकरा टोप्या अंगणात उभ्या. हे पडवीत खाटेवर बसून चहा पीत होते. कोणी नमस्कार केला नाही, कोणी बसलं नाही. खाटेभोवती गोल करून उभे राहिले आणि बघू लागले. रीतच तशी. ह्यांना आधी काही कळेना, मग फोन बघितला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी सरळ आत गेले. दाराच्या फटीतून मात्र सगळं दिसत होतं. पाच मिनिटं अकरा माणसं एका माणसाकडं टक लावून उभी होती. हेही अवघडून स्वतःच्याच गुडघ्यांकडं बघत बसले.

गटातले सगळ्यांत वयस्कर एक काका आहेत. त्यांच्या खिशात कायम भिंग असतं. त्यांनी सवयीनं ते काढलं, ह्यांच्या कानाची पाळी पुढं वाकवली आणि मागं भिंग लावलं. कीड आधी पानाच्या खालच्या बाजूला दिसते ना. बराच वेळ बघून म्हणाले, "वरून काय दिसत नाय."

मग मतं सुरू झाली. एकजण म्हणाला, नत्र जास्त झालंय. दुसरा म्हणाला, पाणी तोडा. तिसऱ्यानं विचारलं, भोवतीची गर्दी हाये तर विरळणी करता येती का. ह्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, ती चरबी अशी वरच्या वर काढत नाहीत, चालायला सांगितलंय. गटात एक चांगले पोटवाले आहेत. ते इतका वेळ खुशीत दिसत होते. म्हणाले, "म्हणजे ज्याची बाहेर हाये तो वाचला म्हणायचं का?"

"तसं नाय," काका म्हणाले. "तुझं आतलं कुठं बघितलंय कोणी?" ते गृहस्थ पोट आत ओढून मागच्या रांगेत गेले.

मग कोणीतरी तुपाचा विषय काढला आणि आतून वन्संनी आवाज दिला, "विचारा, विचारा तिला." मी दातओठ खात चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. म्हटलं, आता एकेकाला सुनावते. पण तेवढ्यात काकांनी वही उघडली आणि मालकाची पाळी आली.

"सांग," काका म्हणाले. "कधीपासनं?"

हे वहीकडं बघत राहिले. मला तर म्हणाले होते, दिवाळीपासून. "दोन वर्षं," हे म्हणाले.

"आणखी काय?"

"रक्त गेलं लघवीतनं. दोनदा. एकदा मागच्या छाटणीला. एकदा गेल्या महिन्यात."

माझ्या हातातल्या कपबश्या वाजायला लागल्या. कोणीतरी ट्रे धरायला पुढं झालं, मी दिला नाही. दोन वर्षं एका ताटात जेवतो आम्ही, म्हटलं, आणि मला हे अकरा टोप्यांबरोबर कळतंय. असा राग आला की ट्रे तिथंच आपटावा. आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. हा माणूस मरेल आणि मला सांगणारसुद्धा नाही, असं वाटलं.

काकांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "फुलोऱ्यात देठांचा नमुना लॅबला गेल्याशिवाय तू बागंत चिमूटभर खत टाकीत नाय. आम्हाला लाज आणतो, अंदाजानं फवारू नका म्हणून. आता सोता अंदाजानं बसणार का?" मग वहीत लिहिलं, सल्ला, नमुना ताबडतोब द्यावा. आणि वही ह्यांच्यासमोर धरली.

ह्यांनी पेन घेतलं नाही. "माल निघू दे," म्हणाले.

मी ट्रे खाटेवर ठेवला. "आणा इकडं," म्हटलं.

"वहिनी, मालकाची सही लागती," एकजण म्हणाला.

"चाळीस वर्षं खाऊ घालून मी जगवलाय," मी म्हटलं. "मालकीण मीच आहे." आणि सही केली. अक्षर पार वाकडं आलं. पण अकराच्या अकरा जणांनी माना डोलावल्या, आणि गटात लिहिलेलं मोडायची आमच्या ह्यांची छाती नाही. सोमवारी गाडी काढली.

बायोप्सी करून हे बाहेर आले ते चक्क खुशीत. म्हणाले, "बारा ठिकाणाहून घेतलं. आपण देठ घेतो तसंच, एका कोपऱ्यातनं नाय, सगळ्या प्लॉटमधनं." सिस्टरला तीनदा विचारून आले, बाटल्यांवर नाव नीट लिहिलंय ना, लेबल बदललं की सगळं वाया.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. बारापैकी एका तुकड्यात कॅन्सर होता. लहान, सावकाश वाढणारा, म्हणाले डॉक्टर. लगेच कापाकापी नको, ठरावीक दिवसांनी रक्त आणि फोटो बघत राहू. त्या चरबीवरून अजून ठाम काही सांगता येत नाही, पण ती आहे म्हणून मी जरा जास्तच नजर ठेवीन. पुढची भेट तीन महिन्यांनी. ह्यांना ते फारच ढिलं वाटलं. "आम्ही बागेत आठवड्याला जातो," म्हणाले.

परत येताना कोल्ड स्टोरेजच्या भिंतीपाशी गाडी थांबली. हे खाली उतरले आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. परत आल्यावर विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं, मी तरी दुसरं काय करतेय. मग सांगून टाकलं. "भीती वाटते मला. तुम्ही गेलात तर मी काय करू?"

ह्यांनी किल्ली फिरवली नाही. म्हणाले, "म्हणूनच सांगत नव्हतो."

"न सांगितल्यानं माझी भीती गेली नाही," मी म्हटलं. "तुम्ही तिकडं एकटे घाबरलात, मी इकडं एकटी." त्यावर त्यांनी गाडी चालू केली. पण त्या दिवशी वन्संसमोर माझ्या हातून डबा घेतला आणि स्वतः भाकरीवर तूप वाढून घेतलं, अर्धा चमचा. डॉक्टरांनी तेवढं चालेल म्हणून सांगितलं होतं. वन्सं दुसऱ्या दिवशी विंचूरला गेल्या.

फेब्रुवारीत मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे द्राक्षं पिकू लागली. त्या दिवसांत गटाचे फोन सकाळपासून चालू असतात, आणि हे चहाच्या आधी फोन हातात घेतात. एका सकाळी मी भाकरी थापत होते. हे न्हाणीघरातून बाहेर आले. फोन टेबलावर वाजत होता. त्यांनी त्याकडं बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"आज परत रक्त दिसलं," म्हणाले. "थोडंच हाये. पण दिसलं."

मी इतकी घाबरले की थापलेली भाकरी तव्याच्या बाहेर पडली. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं. हात धुतले, गॅस बंद केला आणि म्हटलं, "गाडी काढा, मी चपला घालते."