मामाची बिनमातीची लिंबं

माझ्या आईने पोलिसांना खरं सांगितलं, आणि तिचा भाऊ तुरुंगात मेला.

आज सकाळी आई गेली. शंभरीला टेकली होती. घरीच, शांतपणे.

म्हणून आज लिहिते आहे. ती असताना लिहायची हिंमत झाली नसती.

मामा म्हणजे दिगंबर. आई त्याला दादा म्हणायची. तो नगरच्या एका शाळेत सायन्स शिकवायचा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. स्वयंपाकपाणी बघायला आजीने सोळा वर्षांच्या आईला त्याच्याकडे पाठवलं होतं. आजी-आजोबा तिकडे गावी, संगमनेरजवळ.

गावच्या मळ्यातली लिंबं एका दुष्काळात उभी वाळली होती. मामाने ते फार मनाला लावून घेतलं.

मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्याने वाचलं, मातीशिवायही झाड वाढतं.

आता याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. तेव्हा मामाच्या गल्लीत त्याला ‘मास्तरांचं खूळ’ म्हणायचे.

रॉकेलचे डबे कापायचे, आतून डांबर लावायचं, धुतलेली खडी भरायची आणि त्यात लिंबाचं रोप. सकाळी खतांचे क्षार विरघळवलेलं पाणी ओतायचं, संध्याकाळी खालच्या भोकातून बादलीत काढून घ्यायचं.

छाटून छाटून झाडं कमरेएवढीच ठेवलेली. आतल्या खोलीत, खिडकीपाशी रांगेने.

घरात मधमाश्या कुठून येणार? मग आई कापसाच्या वातीने एका फुलावरचे परागकण दुसऱ्या फुलाला लावायची. हे सांगताना तिचा चेहरा अगदी त्या वयाचा व्हायचा.

त्या पाण्यात काय काय असायचं! हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं मीठ. दुकानदार विचारायचा, “मास्तर, घरात कुणाचं पोट साफ होत नाही एवढं?”

आणि सोरा.

सोरा झाडाला खत म्हणून चालतो. बंदुकीच्या दारूतही तोच लागतो.

साल बेचाळीस. गावोगावी तारा तोडल्या जात होत्या, पोरं भूमिगत होत होती. नगरबाहेर एका चौकीजवळ स्फोट झाला. कुणी मेलं नाही. पण सोरा कोण कोण विकत घेतं, याची चौकशी सुरू झाली.

दोन दिवसांनी पोलीस घरात.

सगळे डबे उपडे केले. खोलीभर खडी. झाडं बुटांखाली.

मामा एवढंच म्हणत होता, “अहो, लिंबं आहेत ती. लिंबं.”

त्याला घेऊन गेले.

आईने त्या पसाऱ्यातून एक झाड शोधलं, जरा धड राहिलेलं. एक हिरवं लिंबू अजून लटकत होतं. मुळं ओल्या धडप्यात गुंडाळली आणि भर दुपारी एकटी चौकीवर गेली.

फौजदार म्हणाला, “हे काय आनलंस पोरी?”

“साहेब, दादा ह्याच्यासाठीच सोरा आणायचा. बघा, मुळाला माती न्हाई.”

त्याने धडपं सोडलं. मुळं पांढरीशुभ्र, लांब, म्हातारीच्या केसांसारखी. त्याने लिंबू तोडलं, नखाने खरवडलं, हुंगलं.

“लिंबूच हाय की.”

आई म्हणायची, “मला वाटलं, सुटला दादा.”

मग त्याने अगदी सहज विचारलं, “ह्याला सोरा किती लागतो गं?”

“चिमूटभर, साहेब.”

“मंग दुकानदार म्हनतोय मास्तर पिशव्या भरून न्यायचा. बाकीचा कुटं गेला?”

आई झाड परत धडप्यात गुंडाळू लागली.

परत येताना, अर्ध्या वाटेत, तिला आठवलं. पाण्याचं मिश्रण चुकलं की मामा अख्खी बादली मोरीत ओतून द्यायचा आणि नव्याने करायला घ्यायचा. कितीदा तरी!

ती धावत मागे गेली. फौजदार भेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं ‘चिमूटभर’ मात्र कागदावर चढलं होतं.

तुरुंगात तिला एकदाच भेटू दिलं. शिपाई शेजारी उभा. मामा खूप वाळला होता, अंगात ताप होता.

ती काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “झाडांना पाणी घालतेस ना?”

ती म्हणाली, “व्हय दादा.”

त्या तापातच तो गेला.

स्वातंत्र्य मिळालं. आजोबांच्या गावाने दगडावर मामाचं नाव कोरलं, वर ‘हुतात्मा’. पहिल्या वर्षी आईला स्टेजवर बोलावलं. ती म्हणाली, “माझ्या भावाने बाँब केला नव्हता. तो लिंबं लावत होता.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, केवढा हा विनय.

ती परत कधी गेली नाही.

लहानपणी मी बघायचे. भाजी निवडता निवडता आईचा हात थांबायचा, ओठ हलायचे. मोरीकडे बघत ती मनातल्या मनात मामाने ओतून दिलेल्या बादल्या मोजत असायची. बाबा म्हणायचे, “तिला हाक मारू नकोस. येईल ती.”

गेल्या वर्षी मी धीर करून विचारलं, “आई, खरं सांग. तुला काय वाटतं? मामाने दिला असेल का कुणाला सोरा?”

तिने मोरीकडे बघितलं.

मग म्हणाली, “दिला असंल, तर माझ्यापास्नं लपवलं त्यानं. एका घरात राहून.”

“आणि नसेल दिला तर?”

“मंग मीच मारलं की गं त्याला.”

मी तिचा हात धरला. 



आई, जा आता. दादा भेटला तर त्याला काही विचारू नकोस. नुसती बस जवळ.

तुझ्या लेकीचा तुला शेवटचा नमस्कार.