कूलर कसा धुवावा

मुलांनी घरकाम केलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि एवढं सगळं होऊनही ते बदललेलं नाही.

एप्रिलमधला रविवार होता. फरीदाबादेत उन्हाळा सुरू झाला की बाल्कनीतला कूलर धुऊन काढावा लागतो. मी सोफ्यावरून फर्मान सोडलं, "इरा, या वर्षी कूलर तू धुवायचास!"

माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "बाबा, तू कधी धुतलायस?"

"मी चाळीस माणसांची टीम सांभाळतो!"

"ते चाळीस जण कूलर धुतात का?" स्वयंपाकघरातून बायको. (तिला कुणी विचारलं होतं?)

"चलो, डील!" इरा म्हणाली. "तू धुऊन दाखव. जमलं तर सुट्टीभर सांगशील ते काम करीन. नाही जमलं तर एकही नाही. बिल्कुल नाही!"

बापाला आव्हान! बाह्या सरसावून मी बाल्कनीत गेलो. टाकीत गेल्या वर्षीचं पाणी तसंच होतं, हिरवंगार! बूच शोधण्यात अर्धा तास गेला. सापडलं, पण निघेना. मग दोन्ही हातांनी असा काही हिसका दिला की बूच माझ्या हातात आणि पाणी थेट खाली!

खाली तळमजल्यावरच्या आंटींनी अंगणात खाटेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. (वड्या म्हणजे आपले सांडगे.)

"हाय राम! मेरी वड़ियाँ! किसने किया ये?"

आणि मी, चाळीस माणसांचा मॅनेजर, कठड्यावरून वाकून गोड आवाजात म्हणालो, "सॉरी आंटी! बिटिया काम सीख रही है!"

"झूठ, आंटी!" इरा शेजारून कडाडली. "ढक्कन देखो, बाबा के हाथ में है!"

होतंच. लपवायलाही सुचलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

"अच्छा! तो बाबा ही नीचे आएँ. पिसी दाल अभी बची है."

"इरा, तू जा ना," मी कुजबुजलो.

"मी नाही जाणार! हरलास तू."

भर उन्हात मी अंगणात मांडी घालून सांडगे घालू लागलो. एक बोराएवढा, तर दुसरा थेट लाडवाएवढा. आंटींनी तो लाडू उचलून पाहिला.

"भाईसाहब, बचपन में घर का काम नहीं किया?"

"बिल्कुल नहीं!" मी ताठ मानेनं सांगितलं. "मैं पढ़ाई करता था!"

"अब तो हो गई ना?" म्हणत आंटींनी अख्खं पातेलं माझ्याकडे सरकवलं.